तास संपल्यावर मुलांनी बसायचे कुठे?
लंडनमधील एका विद्यार्थी केंद्राच्या इमारतीची ओळख

सकाळचा पहिला तास साडेसातला असतो. दुसरा तास साडेअकराला. मधले तीन तास आपल्या मुलाने किंवा मुलीने कुठे काढायचे? कँटीनमध्ये बसायचे तर चहा घ्यावा लागतो, आणि एक कप चहा पुरवून पुरवून किती वेळ पुरणार? ग्रंथालयात बोलता येत नाही. जिन्यावर बसले तर शिपाई उठवतो. मैदानातल्या झाडाखाली बसावे तर पावसाळ्यात तेही नाही. मुलगी असेल तर तिच्या अडचणी आणखी वेगळ्या. शेवटी पोर घरी येते. घर म्हणजे दहा बाय बाराची खोली. त्यातच स्वयंपाक, त्यातच टीव्ही, त्यातच लहान भावंडे आणि आजारी आजी. पुढचा तास बुडतो. असे वर्षभर चालते आणि निकालाच्या दिवशी आपण त्याला विचारतो, "अरे, तुला आम्ही काय कमी केले होते?"

वाचकहो, त्याला वह्यापुस्तके कमी पडली नव्हती. आईने धुणीभांडी करून फीसुद्धा भरली होती. त्याला कमी पडली ती बसायची जागा. आम्हाला हा प्रश्न फार दिवसांपासून खटकतो. शिक्षणाच्या खर्चात फी मोजली जाते, पुस्तके मोजली जातात, एस.टी.चा पास मोजला जातो. जागा कोणी मोजत नाही.

याच प्रश्नाचा विचार करून बांधलेल्या एका इमारतीची माहिती आज या पानावर देत आहोत. इमारत दूर लंडनमध्ये आहे. पण ज्या शिक्षणसंस्थेची ती आहे, तिचे नाव आपल्या घराघरात ठाऊक आहे. ती संस्था म्हणजे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१६ साली जिथे दाखल झाले, शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली जिथला अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले, १९२० साली पुन्हा जाऊन ज्यांनी तो पुरा केला आणि १९२३ साली डी.एस्सी. ही पदवी मिळवली, तीच ही संस्था.

विद्यार्थी-संघ म्हणजे काय?

इंग्लंडमध्ये प्रत्येक विद्यापीठात विद्यार्थ्यांचा एक संघ असतो. विद्यार्थीच मतदान करून त्याचे पदाधिकारी निवडतात. हा संघ वेगवेगळी मंडळे चालवतो, खेळ आणि वादसभा भरवतो, वृत्तपत्र काढतो. कोणाला फीची, घरभाड्याची किंवा परीक्षेची अडचण आली तर सल्ला देतो. लंडन स्कूलच्या विद्यार्थ्यांचे 'द बीव्हर' हे वृत्तपत्र १९४९ पासून निघत आले आहे.

या संघाशी बाबासाहेबांचाही संबंध आला होता. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात त्याची नोंद आहे. हिंदुस्थानातील प्रातिनिधिक सरकारच्या जबाबदाऱ्या या विषयावर बाबासाहेबांनी तिथल्या विद्यार्थी-संघापुढे एक निबंध वाचला होता. त्या निबंधाने खळबळ उडाली. त्यातले विचार क्रांतिकारक आहेत, असा शेरा प्राध्यापक हॅरॉल्ड लास्की यांनी मारल्याचे कीर सांगतात. ज्या माणसाला शाळेत वर्गाच्या एका कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागले होते, तो माणूस लंडनमध्ये विद्यार्थ्यांच्या सभेत उभा राहिला आणि सभेने त्याचे म्हणणे ऐकून घेतले. विद्यार्थी-संघाची जागा कशासाठी असते, हे यावरून समजावे. तिथे कोणाच्या बापाचे नाव विचारून बोलू दिले जात नाही.

बाबासाहेबांच्या वेळी मात्र आज आहे ती इमारत नव्हती. संस्थेची मुख्य इमारतच तेव्हा उभी राहत होती. तिची कोनशिला २८ मे १९२० रोजी बादशहा पंचम जॉर्ज यांच्या हस्ते बसली. बाबासाहेबांचा सारा दिवस जायचा तो ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात आणि तशाच दुसऱ्या ग्रंथालयांत. दार उघडल्यावर आत जायचे आणि दार बंद होईपर्यंत वाचत बसायचे. खोलीवर ऊब नाही, खिशात पैसा नाही, अशा विद्यार्थ्याला एक टेबल, एक खुर्ची आणि डोक्यावर छप्पर मिळाले म्हणजे काय मिळाले, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

बोळांमधली अडचणीची जागा

लंडन स्कूल शहराच्या अगदी मधोमध, ऑल्डविच आणि किंग्जवे या रस्त्यांच्या आत दडलेली आहे. मोठे पटांगण नाही, फाटक नाही, बाग नाही. क्लेअर मार्केट नावाचा हा भाग एके काळी खाटकांच्या दुकानांसाठी आणि गरिबांच्या दाट वस्तीसाठी प्रसिद्ध होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किंग्जवे हा रुंद रस्ता काढण्यासाठी तिथली बरीचशी वस्ती पाडली गेली. १९०५ साली तो रस्ता खुला झाला. आजूबाजूचे काही बोळ मात्र तसेच अरुंद राहिले. अशाच बोळांच्या एका तिठ्यावर, शेफील्ड स्ट्रीटवर, सेंट फिलिप्स या जुन्या रुग्णालयाची इमारत होती. ती पाडून त्या जागी विद्यार्थी केंद्र बांधायचे ठरले.

संघाच्या सोयी तोवर निरनिराळ्या जुन्या इमारतींत विखुरलेल्या होत्या. त्या एका छपराखाली आणायच्या, ही संस्थेची मागणी होती. २००९ साली वास्तुविशारदांची स्पर्धा घेण्यात आली. डब्लिन शहरातील शीला ओडॉनेल आणि जॉन टूमी या जोडीचा आराखडा निवडला गेला. हे दोघे नवरा-बायको आहेत आणि जन्मभर एकत्र काम करत आले आहेत. २०१३ च्या अखेरीस इमारत पुरी झाली आणि २०१४ च्या सुरुवातीला विद्यार्थ्यांनी ती वापरायला घेतली. मोठी देणगी देणारे सिंगापूरचे लोकसंख्याशास्त्रज्ञ प्राध्यापक सॉ स्वी हॉक यांचे नाव इमारतीला देण्यात आले. तेही याच संस्थेचे माजी विद्यार्थी होते.

जागा लहान आणि मागण्या फार, अशी ही अवस्था. आपल्यापैकी ज्यांनी एका खोलीत पोटमाळा काढून, बाथरूमच्या डोक्यावर सामान चढवून संसार केला आहे, त्यांना ही अवस्था समजावून सांगायला नको.

शेजाऱ्याच्या खिडकीचा हक्क

या इमारतीचे छायाचित्र प्रथम पाहणाऱ्याला वाटते की हिच्या भिंती कोणी मुद्दाम वेड्यावाकड्या केल्या. कुठे भिंत आत दुमडली आहे, कुठे मागे कलली आहे, कुठे वरचा कोपरा छाटल्यासारखा आहे. कागदाची घडी घालावी तशा या घड्या आहेत. पण ही निव्वळ हौस नाही. तिच्यामागे एक कायदा आहे.

इंग्लंडमध्ये उजेडाचा हक्क मानला जातो. एखाद्या इमारतीच्या खिडकीतून वीस वर्षे अखंड उजेड येत असेल, तर तो उजेड हा तिच्या मालकाचा हक्क होतो. १८३२ च्या कायद्यात ही मुदत ठरली. शेजारी नवी इमारत बांधणाऱ्याला त्या खिडकीचा उजेड मनाला येईल तसा अडवता येत नाही. म्हणून वास्तुविशारदांनी आधी शेजारच्या खिडक्यांचा हिशेब मांडला. कोणाच्या खिडकीवर किती सावली पडेल, हे पाहून भिंती कुठे मागे घ्यायच्या ते ठरवले. बोळातून चालत येणाऱ्याला इमारत कुठून कशी दिसेल, तेही पाहिले. शेजाऱ्याचा उजेड न हिरावता जेवढी जागा उरली, तेवढ्या जागेचा आकार इमारतीने घेतला.

आम्हाला या गोष्टीचे विशेष वाटले. झोपडी जाऊन पुनर्वसनाच्या इमारतीत ज्यांना घर मिळाले, त्यांच्यातल्या कितीतरी कुटुंबांना दिवसाढवळ्या दिवा लावावा लागतो. समोरच्या इमारतीतल्या माणसाशी खिडकीतून हात मिळवता येईल, इतके अंतर कमी. तिथे उजेड हा हक्क आहे, असे कोणी म्हणाले तर लोक हसतील. पण तो हक्क मानून एक अख्खी इमारत घडू शकते, आणि तरी ती सुंदर दिसते, हे इथे सिद्ध झाले आहे.

पावणेदोन लाख विटा

आता विटांकडे वळू. आमच्या वाचकांमध्ये गवंडी आहेत, बिगारी आहेत, वीटभट्टीवर राबलेल्या आयाबहिणी आहेत. त्यांनी हा भाग लक्ष देऊन वाचावा.

ही इमारत बाहेरून सारी लाल विटांची आहे. आसपासच्या जुन्या लंडनशी ती जुळून यावी म्हणून वीट निवडली. सुमारे १,७५,००० विटा लागल्या. भिंत सरळ असती तर एकाच मापाची वीट पुरली असती. पण भिंती दुमडलेल्या, कललेल्या आणि तिरप्या कोनांत मिळणाऱ्या. अशा कोपऱ्यावर गवंडी काय करतो? थापीच्या धारेने वीट फोडतो आणि तुकडा बसवतो. वर प्लास्टर येणार असेल तर ते खपते. इथे प्लास्टर नव्हते, वीट उघडीच राहणार होती. फोडलेला तुकडा आयुष्यभर दिसला असता. म्हणून प्रत्येक कोनासाठी वेगळ्या आकाराची वीट घडवून घेतली. नेहमीच्या ४६ प्रकारच्या आणि खास घडवलेल्या १२७ प्रकारच्या, अशा एकूण १७३ प्रकारच्या विटा या इमारतीत आहेत.

यातली मेहनत ज्याने थापी हातात धरली आहे त्यालाच कळेल. कोणती वीट कोणत्या थरात, कोणत्या कोपऱ्यावर बसणार, हे आधी कागदावर ठरले पाहिजे. मग ती वीट त्या मापाने भाजून आली पाहिजे. भाजताना वीट आकसते, तेही साच्यात धरावे लागते. सरळ भिंतीला दोरी आणि ओळंबा असला की काम निभते. कललेल्या भिंतीला नुसता ओळंबा पुरत नाही. आणि एवढे करून एक थर चुकला, तर वरचे सारे थर चुकतात. वास्तुविशारदाचे नाव पाटीवर लागते, देणगीदाराचे नाव दारावर लागते. गवंड्याचे नाव कुठेच लागत नाही. पण या इमारतीचे कौतुक ज्यांनी ज्यांनी केले, त्या सर्वांनी पहिला शब्द विटांबद्दल काढला. तो शब्द गवंड्याच्या हातालाच पोहोचतो.

चाळीतली जाळी, लंडनची जाळी

आपल्या चाळींच्या जिन्याला सिमेंटची किंवा विटांची जाळी असते. पाऊस अडतो, वारा येतो आणि जिन्यात चढताना पायाखाली उजेडाचे ठिपके पडतात. लहानपणी त्या ठिपक्यांवर पाय देत खेळला नाही, असा चाळीतला मुलगा विरळा. या इमारतीत हीच युक्ती आहे. काही ठिकाणी विटा एकमेकींना चिकटवून न लावता मध्ये भोके सोडून रचल्या आहेत. त्या जाळीच्या मागे काचेच्या खिडक्या आहेत. लंडनच्या थंडीत नुसत्या जाळीवर भागत नाही, काच हवीच.

दिवसा बाहेरचा उजेड या जाळीतून गाळून आत येतो. रात्री आत दिवे लागले की तोच उजेड भोकांतून बाहेर बोळात पडतो आणि इमारत कंदिलासारखी दिसते. अंधाऱ्या बोळातून एकट्याने घरी निघालेल्या मुलीला त्या उजेडाचा आधार किती असेल, याचा विचार आमच्या वाचक-भगिनींनी करावा.

आत भिंतींवर आणि छतावर फारसे झाकपाक नाही. काँक्रीट बऱ्याच ठिकाणी उघडे ठेवले आहे. काँक्रीटला ऊन आणि गारवा दोन्ही धरून ठेवता येतात, त्यामुळे आतले हवामान एकदम बदलत नाही. पायाखाली लाकूड आहे. एखादे दणकट गोदाम असावे, तसा हा आतला भाग आहे. मुलांनी वावरायचे, सामान ओढायचे, फलक चिकटवायचे, त्याला असेच बांधकाम हवे. हात लावला की डाग पडेल अशा जागेत मुले दबकून वागतात. पर्यावरणाच्या दृष्टीने इमारती तपासण्याच्या ब्रिटिश पद्धतीत या इमारतीला 'आउटस्टँडिंग' ही सर्वांत वरची श्रेणी मिळाली.

सगळ्यांना भेटवणारा जिना

आमच्या मते या इमारतीचा खरा गाभा तिच्या जिन्यात आहे. बहुतेक इमारतींत जिना हा वर जाण्याचा नाइलाज असतो. तो एका कोपऱ्यात, अंधारात, शौचालयाच्या शेजारी ढकललेला असतो. इथे जिना मध्ये आणला आहे. तो वळत वळत वर जातो आणि प्रत्येक वळणावर थांबायला जागा ठेवली आहे. वर जाणारा आणि खाली येणारा यांची गाठ पडते. दोघे उभे राहतात, बोलतात, बाजूला होतात, बसतात. मागून येणाऱ्याला अडथळा होत नाही. बंदिस्त बोळकांडी कुठेच ठेवायची नाही, प्रत्येक येण्याजाण्याच्या वाटेला कुठून तरी बाहेरचा उजेड मिळालाच पाहिजे, हे वास्तुविशारदांनी पाळले. तळघरातसुद्धा वरच्या खिडक्यांतून उजेड उतरवला आहे.

या जिन्याच्या वाटेवर काय काय लागते? तळघरात कार्यक्रमांचे मोठे सभागृह. वर खाण्यापिण्याची जागा, व्यायामशाळा, नाचाची खोली, वृत्तपत्र आणि रेडिओ चालवणाऱ्या मुलांची जागा, संघाची कार्यालये, नोकरीचे मार्गदर्शन करणारा विभाग आणि निरनिराळ्या धर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी प्रार्थनेची व शांत बसण्याची जागा. सर्वांत वर मोकळी गच्ची. तळमजल्यावर पबही आहे. ती तिकडची रीत, आपण ती उचलण्याचे कारण नाही. पण दारूला न शिवणारा विद्यार्थीही त्याच जिन्याने वर जाऊन आपल्या खोलीत शांत बसू शकतो, एवढी सोय त्या आराखड्यात आहे.

यात आपल्या मुलांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट कोणती? ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शिक्षण आहे, त्या मुलाला कोणत्या कार्यालयात जायचे ते घरी सांगितले जाते. शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे मिळतो, नोकरीची जाहिरात कुठे लागते, फी माफ कोणाकडून होते, हे त्याचा काका, मामा, मोठा भाऊ सांगतो. आपल्या मुलाला सांगणारे कोणी नसते. ते कार्यालय एखाद्या दूरच्या इमारतीत, बंद दाराच्या मागे असेल, तर तो तिथे जातच नाही. विचारायची लाज वाटते. अर्जाची मुदत निघून जाते. पण तेच कार्यालय रोजच्या जिन्याच्या वाटेवर असले, आत बसलेली माणसे येताजाता दिसली, तर एक दिवस तो दार ढकलून आत जातो. नकाशावर कार्यालय कुठे ठेवायचे, एवढ्या एका निर्णयावर एखाद्या मुलाचे वर्ष वाचते किंवा बुडते.

कौतुक आणि किंमत

या इमारतीचे कौतुक खूप झाले. २०१४ साली ब्रिटनमधील स्टर्लिंग पारितोषिकाच्या अंतिम यादीत ती होती. ते पारितोषिक त्या वर्षी लिव्हरपूलच्या एव्हरीमन नाट्यगृहाला मिळाले. २०१५ साली युरोपच्या मीस व्हॅन डेर रोहे पुरस्काराच्या शेवटच्या पाच इमारतींतही ती होती. त्याच वर्षी ओडॉनेल आणि टूमी यांना ब्रिटनच्या वास्तुविशारद संस्थेचे शाही सुवर्णपदक मिळाले.

किंमतही तशीच होती. सुमारे २ कोटी ४० लाख पौंड. १२७ प्रकारच्या खास विटा घडवणे स्वस्तात होत नाही. एवढ्या पैशात साधी चौकोनी इमारत बांधून अधिक जागा मिळाली नसती का, हा प्रश्न आम्हालाही पडतो. चौकोनी खोलीत टेबल-खुर्च्या जशा बसतात, तशा तिरक्या कोपऱ्यात बसत नाहीत, हे घर लावणारी कोणतीही बाई सांगेल. शिवाय जिन्यावर भेटीगाठी होतात हे खरे, पण चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या विद्यार्थ्याला जिना उपयोगाचा नाही. त्याच्यासाठी लिफ्ट आहे, पण वळणावरची ती गाठभेट लिफ्टमध्ये होत नाही. कौतुक करताना या गोष्टी लपवू नयेत.

तरीही आमचे मत असे झाले आहे की पैसा मुख्यतः योग्य ठिकाणी गेला. कारण ही इमारत वर्गांसाठी नाही, प्राध्यापकांसाठी नाही, कुलगुरूंच्या दालनासाठी तर नाहीच. तास संपल्यानंतरच्या विद्यार्थ्यासाठी ती आहे. त्या वेळेला मोल आहे, असे एका मोठ्या शिक्षणसंस्थेने मानले आणि शहराच्या महागड्या मधल्या भागात सात मजले त्यासाठी दिले.

आपल्याला यातून काय घेता येईल?

लंडनच्या विटा आपल्याला परवडणार नाहीत. त्या हव्यातही कशाला? बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ साली स्थापन केली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, ते आलिशान वास्तूची वाट पाहत थांबले नाही. त्या महाविद्यालयात विद्यार्थ्यांची संसद भरत असे. आपली मुले नुसती पास होऊन चालणार नाहीत, त्यांना सभेत उभे राहून बोलता आले पाहिजे, हा त्यामागचा विचार. पुढे औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, १९५० साली महाविद्यालय सुरू झाले. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. नागसेनवनातल्या त्या परिसराच्या आखणीत बाबासाहेबांनी स्वतः लक्ष घातले होते. दादरचे 'राजगृह' बांधतानाही त्यांच्या डोळ्यांसमोर आधी ग्रंथालय होते. माणूस कुठे बसून वाचणार, हा प्रश्न त्यांनी कधी दुय्यम मानला नाही.

तेव्हा आमचे सांगणे एवढेच आहे. मुलाला प्रवेश घ्यायला जाल, तेव्हा फीची पावती घेऊन तसेच परत फिरू नका. तासभर त्या आवारात हिंडा. काही न विकत घेता बसता येईल अशी जागा आहे का? तिथे उजेड आहे का? मुलींसाठी स्वच्छ शौचालय आणि पिण्याचे पाणी जवळ आहे का? शिष्यवृत्तीचे कार्यालय मुलाला सहज दिसेल असे आहे का? सूचनाफलक कोणाच्या उंचीला लावला आहे, आणि त्यावरची सूचना ताजी आहे का? नसेल तर पालकसभेत विचारा. दोन बाक, एक पंखा, जिन्याच्या वळणावरची मोकळी करून दिलेली जागा, एवढ्याला कोट्यवधी रुपये लागत नाहीत. लागते ती मागणी.

आणि एक गोष्ट आपल्या स्वतःच्या हातातली. ठिकठिकाणी आपण वर्गणी काढून विहारे बांधतो. घामाचा पैसा असतो तो. नकाशा मंजूर करताना समितीने एक प्रश्न जरूर विचारावा: संध्याकाळी सात ते दहा या वेळेत वस्तीतली दहावी-बारावीची मुले इथे कुठे बसतील? भिंतीला एक खिडकी जास्त काढावी. एका कोपऱ्यात टेबल आणि बाक टाकावेत. दिव्याचे बिल समितीने भरावे. दार रात्री उशिरापर्यंत उघडे ठेवण्याची जबाबदारी एका माणसाने घ्यावी. मुलींना घरापर्यंत सोडण्याची जबाबदारी दुसऱ्याने घ्यावी. वस्तीत गवंडी आहेतच. पावसाळ्यापूर्वी एक रविवार त्यांनी दिला, तर ही खोली उभी राहील.

पुढच्या जूनमध्ये ज्यांच्या घरातले पहिले मूल महाविद्यालयात जाणार आहे, त्या आईबापांनी हे पान कापून जपून ठेवावे. आणि पहिल्या आठवड्यात मूल घरी आले की त्याला तास कसे झाले हे तर विचारावेच, पण मधल्या वेळेत तू कुठे बसलास, कोणाशी बोललास, हेही विचारावे.